काक्षी मंदावला त्या हिवाळ्यापासून

२०१९ च्या डिसेंबरात काक्षीचा तारा मंदावत चालल्याची बातमी आली. काक्षी म्हणजे बीटलज्यूस, मृग नक्षत्राच्या चौकोनातला तांबूस तारा. त्याच महिन्याच्या २६ तारखेला सूर्यग्रहण होतं, त्यामुळे जो तो ग्रहणाबद्दल बोलत होता. माझ्या डोक्यात मात्र काक्षीच राहिला, कारण बातमीत म्हटलं होतं की हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. मी साताऱ्यात एका सहकारी बँकेत रोखपाल आहे. रोजचा दिवस आकडे जुळवण्यात जातो. ताऱ्याच्या तेजालाही आकडा असतो आणि तो घरच्या गच्चीवरून ठरवता येतो, हे मला फार आवडलं. तोवर शुक्राची चांदणी, सप्तर्षी आणि ध्रुव यांच्यापलीकडे मला काही ओळखता येत नव्हतं.

सुरुवात मृगापासून झाली हे माझं भाग्य, कारण त्याच्याइतकं सोपं नक्षत्र नाही. डिसेंबरात रात्री आठ-नऊला पूर्वेकडे चार ठळक ताऱ्यांचा चौकोन दिसतो आणि त्याच्या मध्ये ओळीने तीन तारे. हा व्याधाने मारलेला बाण. बाणाची रेघ खालच्या बाजूला वाढवली की थेट व्याधावर जाते, वरच्या बाजूला वाढवली की रोहिणी लागते आणि तशीच पुढे नेली की कृत्तिकांचा पुंजका. एवढी एक रेघ पक्की झाली की हिवाळ्यातलं अर्धं आकाश हाताशी येतं.

तेज ठरवायची रीत सोपी आहे, पण डोळ्याला सवय लागावी लागते. ताऱ्याच्या तेजाला प्रत म्हणतात. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, आणि एका प्रतीचा फरक म्हणजे साधारण अडीच पट. काक्षी एरवी ०.५ च्या आसपास असतो. रोहिणी ०.९. चौकोनातला दुसरा एक तारा, बेलाट्रिक्स, १.६. काक्षी या दोघांच्या मध्ये नेमका कुठे बसतो ते बघायचं आणि लिहून ठेवायचं. जानेवारीत तो रोहिणीपेक्षा स्पष्ट मंद वाटत होता. फेब्रुवारीच्या मध्यावर तो आणि बेलाट्रिक्स जवळजवळ सारखे दिसायला लागले. म्हणजे तेज नेहमीच्या एक तृतीयांशावर आलं होतं. एप्रिल उजाडेपर्यंत तो परत पूर्वपदावर. ताऱ्याने वायूचा मोठा लोट बाहेर फेकला, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि तिने ताऱ्याचा काही भाग झाकला, हा उलगडा शास्त्रज्ञांनी नंतर मांडला. माझ्या वहीत मात्र तो उतार-चढाव आधीच नोंदलेला होता, पेन्सिलीने, तारखेनिशी. ती पानं मी अजून उघडून बघते.

मग टाळेबंदी आली. रस्त्यावरची वर्दळ थांबली, हवा निवळली, आणि संध्याकाळी गच्चीशिवाय जायला जागा नव्हती. नवऱ्याने घाटात पक्षी बघायला घेतलेली १०×५० ची बायनॉक्युलर कपाटात होती. ३ एप्रिलच्या संध्याकाळी शुक्र कृत्तिकांच्या पुंजक्यात शिरला होता. नुसत्या डोळ्यांना शुक्राच्या झगमगाटात कृत्तिका दिसेनात. बायनॉक्युलर लावली आणि एकाच गोल चौकटीत पिवळसर-पांढरा शुक्र आणि त्याच्याभोवती निळसर ताऱ्यांचा सडा. घरात हाक मारली, सगळे वर आले, आणि ती बायनॉक्युलर कितीतरी वेळ हातोहात फिरत राहिली.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, पहिली खरेदी बायनॉक्युलरचीच करा. १०×५० मधला पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पन्नासचं भिंग आपल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश गोळा करतं, आणि आकाशात सगळा खेळ प्रकाशाचा आहे. तिच्यात एका वेळी सहा-साडेसहा अंश आकाश मावतं, म्हणजे एकाला एक चिकटून बारा पौर्णिमेचे चंद्र. त्यामुळे शोधताना हरवायला होत नाही. हात थरथरतात ही मात्र खरी अडचण. त्यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे बाज. गच्चीवर बाज टाकायची, उताणं पडायचं, कोपर अंगाला टेकवायचे आणि बायनॉक्युलरची कड भुवयांच्या हाडावर अलगद ठेवायची. गुरूचे चंद्र मला असेच दिसले. खुर्चीत बसून ते नुसते लुकलुकत होते, बाजेवर पडल्यावर सुटे सुटे झाले. दुसऱ्या दिवशी त्यांची जागा बदललेली होती. गॅलिलिओने १६१० मध्ये हेच पाहिलं, हे वाचून माहीत होतं. स्वतः दोन रात्री लागोपाठ चित्र काढून ताडून बघितलं तेव्हा त्या माहितीत जीव आला.

अंतर मोजायला हाताइतकं चांगलं साधन नाही. हात लांब करून धरलेली मूठ दहा अंश, करंगळी एक अंश. साताऱ्याचा अक्षांश पावणेअठरा आहे, म्हणून ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्या जरा आत सापडतो. आणि गंमत अशी की फेब्रुवारीत संध्याकाळी दक्षिणेला अगस्त्य जेव्हा सर्वांत उंच येतो तेव्हा तोही वीस अंशांच्याच आसपास असतो. उत्तरेला ध्रुव, दक्षिणेला अगस्त्य, दोघेही दोन-दोन मुठींवर. लंडनहून अगस्त्य कधीच दिसत नाही. परदेशी पुस्तकं वाचून आकाश शिकताना हे ध्यानात ठेवावं, कारण ती पुस्तकं आपल्या दक्षिणेच्या आकाशाबद्दल फारसं बोलत नाहीत. एप्रिल-मे मध्ये नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा प्रचंड गोलाकार गुच्छ आपल्याकडे दक्षिणेला अडीच मुठी वर येतो. अंधाऱ्या जागेवरून बायनॉक्युलरमध्ये तो कापसाच्या बोंडासारखा दिसतो. आपल्या अक्षांशाची ही मोठी देणगी आहे.

अंधाऱ्या जागेसाठी मी सासरी जाते. माण तालुका. सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे तिकडे दुष्काळ कायमचा पाचवीला पुजलेला, पण आकाश बघणाऱ्याला त्या कोरड्या हवेचं मोल कळतं. साताऱ्यात जूनमध्ये ढग भरले की चार महिने वही बंद. माणमध्ये भर आषाढातही एखादी रात्र लख्ख मिळून जाते. २०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतू आला होता, तो साताऱ्याहून ढगांनी दिसू दिला नाही आणि गावाला जायला वाटा बंद होत्या. ती हळहळ राहिली. डिसेंबरच्या २१ तारखेला गुरू आणि शनी एकमेकांपासून फक्त एक दशांश अंशावर आले, ते मात्र गावच्या खळ्यातून सगळ्यांनी मिळून पाहिलं.

गावाकडे माझे चुलतसासरे आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. आयुष्यभर रात्रीच्या पाण्याच्या पाळ्या केलेला माणूस. मी मृग दाखवायला गेले तर म्हणाले, "ते व्हय? ते तिकांडं. पुसात ते डोक्यावर आलं की मध्यान्रात झाली म्हनायची. घड्याळ कुणाकडं हुतं?" सप्तर्षी त्यांच्यासाठी म्हातारीचं बाजलं आणि ते पळवायला आलेले तीन चोर. मी विचारलं, "नाना, पावसाचा मिरग जूनमध्ये लागतो, मग तेव्हा मृग दिसत का नाही?" त्यावर ते म्हणाले, "दिसंल कसा? सूर्व्या तवा त्याच्यातच बसल्याला असतो." इतकं सरळ उत्तर मी कुठे वाचलं नव्हतं. पावसाची नक्षत्रं ही सूर्याची नक्षत्रं. सूर्य ज्या नक्षत्रात ते नक्षत्र दिवसा सूर्याबरोबर वर असतं, म्हणून रात्री दिसत नाही. सात-आठ जूनला सूर्य मृगात जातो, आणि तोच मृग सहा महिन्यांनी मध्यरात्री माथ्यावर येतो. नानांना पंचांग आणि आकाश दोन्ही तोंडपाठ होतं. माझं शिक्षण त्यांच्याकडे जितकं झालं तितकंच फोनवरच्या स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या ॲपने झालं, आणि या दोघांत मला कधी भांडण दिसलं नाही. स्टेलॅरियम फुकट मिळतं, पडदा लाल करता येतो. तो लाल करूनच वापरावा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी कमाई घालवतो. माझ्या बॅटरीला लाल जिलेटीनचा कागद लावलेला आहे.

काक्षीनंतर मला बदलणारेच तारे हवे होते. त्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात. पहिला निवडला अल्गॉल, ययाती तारकासमूहातला. ययातीच्या शेजारी देवयानी, पलीकडे शर्मिष्ठा, तिच्यामागे वृषपर्वा, असं सगळं घराणं आपल्या नकाशांत उत्तरेला एकत्र नांदतं, त्यामुळे जागा विसरत नाही. अल्गॉलची प्रत एरवी २.१ असते. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी ती ३.४ पर्यंत उतरते आणि पुन्हा चढते. अल्गॉल म्हणजे खरं तर एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे. त्यातला मंद, थंड तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढून गेला की आपल्याला ग्रहण दिसतं. ही कल्पना १७८३ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिक या मुलाने मांडली. तो अठरा वर्षांचा होता, त्याला ऐकू येत नव्हतं, आणि त्याने हे काम डोळ्यांनी केलं. एकविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्याबद्दल वाचल्यापासून अल्गॉलकडे बघताना मला त्याची आठवण येतेच.

ग्रहणाची वेळ आधी काढता येते. तीन दिवसांना ३ तास ११ मिनिटं कमी पडतात, म्हणून आज रात्री एक वाजता तळ असेल तर तीन दिवसांनी तो पावणेदहाच्या पुढे येतो आणि आणखी तीन दिवसांनी पावणेसातच्या आसपास. म्हणजे सोयीची वेळ ओळीने दोन-तीनदा येते, मग काही दिवस खंड. जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री दहाला तळ येत होता. आम्ही दुपारीच गावाला पोचलो. खळ्यात बाज टाकली, शेजारी स्टुलावर वही, पेन्सिल, घड्याळ. तुलनेचे तारे आधीच लिहून ठेवले होते: देवयानीतला अल्माक २.१, ययातीतला एप्सिलॉन २.९, डेल्टा ३.०, कापा ३.८. ययातीतला ऱ्हो तारा अगदी अल्गॉलच्या कुशीत आहे, पण तो स्वतःच कमी-जास्त होतो, म्हणून तुलनेला घेत नाहीत.

सातला अल्गॉल अल्माकपेक्षा किंचित मंद होता, इतका किंचित की मी दोनदा डोळे मिटून उघडले. आठला शंका उरली नाही. अल्माक आणि एप्सिलॉन यांच्यामध्ये तो खालच्या बाजूला सरकला होता. अंतराचे आठ भाग केले तर सहाव्यावर, म्हणून लिहिलं २.७. नऊला एप्सिलॉनच्याही खाली. इथून पुढे मी घड्याळाच्या गजराने उठून बघायचं ठरवलं होतं, पण उठायला झोपले कुठे होते. दहाला तो डेल्टा आणि कापा यांच्या बरोबर मध्ये होता, ३.४. ययातीचा आकारच बदललेला दिसत होता. जिथे एक ठळक तारा असतो तिथे एक साधा तारा. नानांना उठवून दाखवलं. ते बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो असा करतो हे आमच्या कदी ध्यानात आलं न्हाई." अकरानंतर तो चढायला लागला. बारानंतर सगळं पश्चिमेच्या धुरकटात उतरायला लागलं. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड होतो आणि तारे उगाच मंद वाटतात, म्हणून साडेबाराला वही मिटली. सकाळी आलेखाच्या कागदावर ठिपके जोडले तर खोलगट वाडग्याचा आकार आला. त्या आकाराने मला जे समाधान दिलं ते शनीच्या कड्याने सुद्धा नंतर दिलं नाही, आणि शनीचं कडं पहिल्यांदा बघणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

शनी दाखवला पुण्याने. टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून चालू असलेली, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. मुंबईकडे खगोल मंडळ आहे, हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी जमलेल्या उत्साही लोकांमधून उभं राहिलेलं, वांगणीला रात्रभराची आकाशदर्शनं करणारं. बहिणीकडे पुण्याला गेले असताना परिसंस्थेच्या आकाशदर्शनाला गेले आणि वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावून बघितलं. दुर्बीण घेण्याआधी हे प्रत्येकाने करावं, अगदी आग्रहाने सांगते. खोक्यावर ‘६७५ पट’ असं छापलेल्या छोट्या दुर्बिणी बाजारात खूप दिसतात. नियम साधा आहे: व्यासाच्या मिलिमीटरच्या दुपटीपलीकडे मोठं करून काही मिळत नाही. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीची मर्यादा १२० पट. त्यापुढे नुसता धुरकट गोळा, आणि बारीक तिपाईवर तोही थरथरणारा. खर्च करायचा तो व्यासावर करा. १५० मिलिमीटरचा आरसा ६० च्या भिंगापेक्षा सहापटीहून जास्त प्रकाश घेतो.

मी सहा इंची डॉब्सोनियन घेतली. जमिनीवर ठेवायची लाकडी पेटी, तिच्यात फिरणारी नळी, मोटर नाही, वायर नाही. हाताने ढकलायची. १२० पटीवर ग्रह दीड-दोन मिनिटांत चौकटीबाहेर जातो, कारण पृथ्वी फिरते. मग पुन्हा हलकेच ढकलायचं. हे काहींना कटकटीचं वाटतं. मला त्यात पृथ्वी फिरताना दिसते. गाडीतून गावाला नेली की आरसे जरा हलतात, ते एका रेषेत आणायला दहा मिनिटं जातात. मृगातला तेजोमेघ तिच्यात हिरवट-राखाडी दिसतो, फोटोतल्यासारखा गुलाबी नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. थेट त्याच्याकडे न बघता नजर जरा बाजूला ठेवली की त्याचे पंख पसरलेले दिसतात. डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा कडेचा भाग अंधारात जास्त टिपतो. तिरक्या नजरेने बघणं हे खरं कसब, आणि ते दुर्बिणीच्या किमतीवर अवलंबून नसतं.

माझे अल्गॉलचे आणि काक्षीचे आकडे आता अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या संस्थेकडे जातात. रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी जमवायला ती १९११ मध्ये सुरू झाली आणि जगभरच्या हौशी लोकांच्या नोंदी घेते. नाव नोंदवलं की निरीक्षकाची खूणअक्षरं मिळतात. त्यांच्या जुन्या निरीक्षकांत राधा गोविंद चंद्र हे नाव आढळलं आणि मी चमकले. आज बांगलादेशात असलेल्या जेसोरचे हे गृहस्थ, सरकारी खजिन्यात नाणी पारखायची नोकरी. तीन इंची दुर्बिणीवर काम चालू होतं, ते बघून संस्थेने त्यांना अमेरिकेहून सहा इंची दुर्बीण पाठवली. आयुष्यात ३७ हजारांहून जास्त नोंदी केल्या. दिवसभर खजिन्यात बसून रात्री तारे पारखणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

सध्या मीरा धरला आहे, तिमिंगल तारकासमूहातला. हा तारा दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपासून नवव्या-दहाव्या प्रतीपर्यंत उतरतो आणि फेरा साधारण ३३२ दिवसांचा. म्हणजे दर वर्षी त्याची भरती महिनाभर आधी येते, आणि काही वर्षं ती सूर्याच्या उजेडात आणि आपल्या पावसाळ्यात हरवते. जेव्हा हिवाळ्यात येते तेव्हा नोंदी सोडायच्या नाहीत असं ठरवलं आहे. फलटणची माझी भाची, नववीत आहे, तीही बायनॉक्युलरने मीरा बघते. तिचा फोन येतो, "आत्या, आज तुझा किती?" मी सांगत नाही. तिने आधी आपला आकडा लिहायचा, मी माझा, आणि मग बोलायचं. लाल ताऱ्यांच्या बाबतीत दोन डोळ्यांचे आकडे एक-दोन दशांशांनी वेगळे येतात, कारण तांबडा रंग प्रत्येकाचा डोळा वेगळा टिपतो. मागच्या आठवड्यात तिचा ४.१ होता, माझा ४.३. दोन्ही तसेच पाठवले.